दत्तू, झिणी मोजायची राहिलीय

दत्तू,

तू गेल्यापासून आमच्या ओटीवरची चटई गुंडाळायला सवड मिळालेली नाही. पोलादपूरहून माणसं येतात, वाडीवरून उतरून येतात, महाडच्या बाजाराला आलेली वाट वाकडी करून येतात, आणि जो तो तुझ्याबद्दल एकच काहीतरी सांगून उठतो. एक म्हणाला, फार शांत पोर. दुसरा म्हणाला, हिशेबाला पक्का. शेजारच्या काकू म्हणाल्या, आईवर जीव हो त्याचा. मी पदर तोंडाशी धरून मान हलवते आणि मनात म्हणते, शांत माणसं या तालुक्यात पुष्कळ आहेत. हिशेबाला पक्का तर कोपऱ्यावरचा वाणीही आहे. आणि आईवर जीव नाही असं सांगणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. यात माझा दत्तू कुठे आला? पण शांत, हिशेबाला पक्का, आईवर जीव टाकणारा, आणि तरीही आईने हौसेने पुढे केलेली भाताची पेंढी परत करून ‘आये, ही चालायची नाय’ म्हणणारा, असा एकच होता. वेगवेगळं विचारलं तर तू कुणासारखाही. सगळं एकत्र धरलं तर तूच.

हे मनात आलं आणि मी हसले, ऐन दुखवट्यात. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या आता चार घरं सांगत जाणार. त्यांना काय सांगू, की हे माझं डोकं नव्हे, हे तुझंच, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर भाताचे दाणे मांडून मला शिकवलेलं.

मला तू ओळखतोस. आपल्या घराच्या गोष्टी सांगायचं काम आपसूक माझ्याकडे आलं, कारण बाकी कुणाला बोलायला वेळ नव्हता आणि मला गप्प बसायला जमत नव्हतं. मास्तर, म्हणजे आमचे हे, शाळेत पोरांचे मास्तर आणि घरात माझे, ते म्हणतात की हिच्या गोष्टीला सावित्री नदीपेक्षा जास्त ओढे येऊन मिळतात. आजोबा पुरातून पोहून गेले त्या गोष्टीतलं पाणी मी दर वर्षी थोडं वाढवत आणलंय. तू एकदा गंभीर चेहऱ्याने हिशेब मांडून दाखवलास, की आक्काच्या पुराने आता पोलादपूरच्या देवळाचा कळससुद्धा बुडायला हवा. सगळे हसले आणि मी रुसले. तुला कडेवर घेऊन वाढवलेल्या बहिणीची तू अशी मोजणी करायचास. आता ती मोजणी करणारं कुणी उरलं नाही, पूर वाटेल तेवढा वाढवता येईल, आणि मला वाढवावासा वाटत नाही.

झिणीची गोष्ट तर मुळीच नाही. ती होती तशीच सांगते. तुला ठाऊक असलेलीच गोष्ट तुला सांगतेय, पण ओटीवर आलेल्यांतलं कुणी ती विचारत नाही, आणि माझ्या मनात दुसरं काही येत नाही.

आपल्या वाडीवर झिणी पिकते आणि खाली खोऱ्यातही झिणीच पिकते. नाव एक. बारीक तांदूळ, पाहुण्याला वाढायचा. आपले लोक म्हणणार, डोंगरची झिणी निराळी. खोऱ्यातले म्हणणार, भात तेच, डोंगरवाल्यांना मिजास. यावर लग्नाच्या पंगतीत वाद होत, हसत होत, आणि पान वाढलं की मिटत. मग मुंबईकडच्या ज्या सरकारी भातशेतावर तू नोकरीला होतास तिथे ठरलं, की तालुक्याला झिणीचं एकच बी द्यायचं. दोन्ही झिणी एकच असतील तर खोऱ्यातली ठेवायची, ती भरपूर मिळते. निराळ्या असतील तर डोंगरचीही राखायची, तिच्या स्वतःच्या नावाने.

तोवर मला वाटे, शेतकी खातं काय ठरवायचं ते ठरवील, आपली आई तिची झिणी पेरीलच. पण तूच समजावलंस, वाडीवरचे बाप्ये सगळे मुंबईला गिरणीत. बायका एकट्या किती राबतील? बी दारात आयतं आलं की निवडून ठेवायची खटपट कोण करणार? पाचसहा पावसांत आपली झिणी खोऱ्यातल्या झिणीत मिसळून जाईल आणि कुणाच्या ध्यानातही येणार नाही. आई ऐकत होती. त्या दिवशी तिने मुडीला हात लावून पाहिला, पेंढ्यात बांधून ठेवलेलं ते बी जागेवर आहे ना, असा.

आणि तपासायचं काम आलं तुझ्याकडे. सख्ख्या मुलाकडे. तात्या लगेच म्हणाले, मग झालंच की काम. आपल्या चुलत्यांना जगातली सगळी कामं ओळखीने होतात असं वाटतं. तू त्यांना म्हणालास, तात्या, म्हणूनच अवघड झालंय.

नमुन्याची ती सकाळ आठवते? तू वाडीत सांगितलंस, प्रत्येकीने आपल्या खाचरातल्या थोड्या लोंब्या आणा. सगळ्या जणींनी आणल्या आणि अशा आणल्या की देवापुढे ठेवाव्यात. टपोऱ्या, एकसारख्या, एकाही लोंबीत पोकळ दाणा नाही. सरकारच्या माणसाला का कुणी खुरटलेलं भात देईल? आईने तर पेंढी करून तिला नवा सुंभ बांधला होता. तू ती परत केलीस. आईचा चेहरा उतरला. तू म्हणालास, आये, पाहुण्याला निवडून वाढतात, मला निवडलेलं नको, शेतात जसं हाय तसं पायजे. आई म्हणाली, “म्हंजे वाईट पायजे?” तू म्हणालास, वाईट नाय, चांगलं नाय, हाताला लागेल ते. असं भात मागणारा माणूस वाडीने कधी पाहिला नव्हता. शेवटी तू आईला बांधावरून खाचरात उतरवलंस आणि डोळे मिटून तोडायला लावलंस. पोरं हसून लोळली. तात्या म्हणाले, मुंबईचं वारं लागलं पोराला. आई मात्र डोळे घट्ट मिटून, हात पुढे करून, एक एक लोंबी तोडत गेली, आणि तू मागून बांबूची डाल घेऊन.

खोऱ्यातली झिणी मजुरांनी तोडली. त्यांना झिणी असो की कोळंबा, मजुरी मिळाल्याशी काम.

मग तू सगळं मोजलंस. शेतात उभ्या ताटाची उंची, लोंबीची लांबी, दाण्याची लांबी, दाण्याची जाडी. प्रत्येक गोष्ट वेगळी तपासायची, असं तू आधीच भातशेतावरच्या साहेबांना सांगून ठेवलं होतंस, तीच तिथली रीत. तपासायचं म्हणजे काय ते तू मला साध्या शब्दांत सांगितलंस. एकाच शेतातले दाणे तरी कुठे सारखे असतात? त्यांच्यातच जेवढं कमीजास्त, त्याच्या मानाने दोन शेतांमधला फरक मोठा आहे का, एवढंच बघायचं. नसेल मोठा, तर तो फरक म्हणून धरायचा नाही. तू एकेक पाहिलंस. उंचीत फरक नाही. लोंबीत नाही. आपला दाणा किंचित लांब, पण धरावा इतका नाही. किंचित बारीक, पण धरावा इतका नाही. म्हणजे दोन्ही झिणी एकच.

तू हे सांगायला थेट वाडीवर गेला नाहीस. आधी महाडला माझ्याकडे आलास आणि जेवायला बसलास. दुसरी वाढ घेतली नाहीस तेव्हाच मी समजले.

पुढच्या खेपेला आलास तो निराळाच. तुमच्या साहेबांच्या हाती हिशेबाची एक नवी रीत आली होती. सगळी मापं एकत्र धरून एकदमच तपासायचं. त्यांनी तुला म्हटलं, सहज करून बघ. तू किती दिवस आकडेमोड करत होतास देव जाणे, बोटांना शाई होती. एकत्र तपासलं तर उत्तर आलं, निराळ्या. दोन्ही झिणी स्वच्छ निराळ्या.

मी म्हणाले, हे असं कसं? चार साक्षीदारांना वेगवेगळं विचारलं तर म्हणतात काही पाहिलं नाही, आणि एकत्र उभे केले की म्हणतात पाहिलं. अशा साक्षीदारांना महाडच्या कोर्टात पढवलेले म्हणतात.

तू खूश झालास. वाद घालायला मी सोडून तुला घरात कोण होतं? तू पाट ओढलास, माझ्या डब्यातलं भात घेतलंस आणि दाणे मांडत बसलास. म्हणालास, आक्का, साक्षीदार खोटे नाहीत. एकाला विचारलं, चोर उंच होता का? तो म्हणाला, उंच म्हणावा असा नव्हता. दुसऱ्याला विचारलं, सडपातळ होता का? तो म्हणाला, तसा काही खास नाही. दोघंही खरं बोलले. पण आपल्या वाडीत जो उंच तो आडवाही असतो, आपले तात्या बघ. मग जरासा उंच आणि तरीही जरासा सडपातळ, असा वाडीत कोण? नाहीच. तो बाहेरचा. भाताचंही तेच. लांब दाणा बहुतेक जाडही असतो, आखूड दाणा बारीक. आपली झिणी लांबीला किंचित जास्त आणि जाडीला मात्र किंचित कमी. नुसती लांबी बघशील तर दोन्ही ढीग एकमेकांत मिसळलेले. नुसती जाडी बघशील तरी मिसळलेले. दोन्ही एकदम बघ.

तू वहीतल्या लांबीप्रमाणे दाणे ओळीत लावलेस आणि मग जाडीप्रमाणे वर खाली सरकवलेस. पाटावर दोन तिरके पट्टे उमटले, शेजारी शेजारी, मध्ये वाट सोडून. मला हिशेब कळला नाही, पण ती वाट दिसली. मास्तरसुद्धा दारात येऊन उभे राहिले.

मी त्याच दिवशी वाडीवर निरोप धाडला, झिणी निराळी निघाली म्हणून. तात्यांनी गुळाची ढेप फोडली. आणि दोन दिवसांनी आपण दोघं वर गेलो आणि तू सांगितलंस, हे उत्तर मी देणार नाही, एक वर्ष पुन्हा पेरून पाहू.

मी किती चिडले होते. हातात आलेलं टाकून देणारा तू कोण लागून गेलास? तू सगळ्यांपुढे एवढंच म्हणालास, की मी वेगवेगळं तपासेन असं आधी बोललो होतो. आता ते उत्तर आवडलं नाही म्हणून दुसऱ्या रीतीचं उत्तर उचलायचं? त्यात माझ्या आईचं भात. या वेळी आधीच बोलून ठेवतो, की एकत्र तपासेन, आणि मग जे येईल ते. तात्या म्हणाले, देव देतोय तर तू पावती मागतोस.

लग्नाचंही तुझं असंच. मुली दाखवून आईचे पाय दुखले. एकेका बाबतीत पोरगी चांगलीय, पण सगळं एकत्र धरलं तर मी तिला शोभत नाही, असं म्हणून तू सुटायचास. आम्ही हसत राहिलो आणि तू तसाच राहिलास. त्या वेळी हसण्याऐवजी कान धरायला हवा होता.

वाडीवरून आपण दोघंच उतरलो. पोलादपूरला मोटारीची वाट बघत धर्मशाळेच्या पायरीवर बसलो तरी माझं भांडण चालूच. मी म्हणाले, तुझी नवी रीत खरी की जुनी, एक काय ते सांग. तू म्हणालास, दोन्ही खऱ्या, प्रश्न निराळे. मी म्हणाले, ही वकिली झाली. मग तू स्वतःच माझ्या हातात काठी दिलीस. बिरवाडीकडच्या दोन गावांचं दुसरं एक भात तू तपासलं होतंस. तिथे उलटं झालं. नुसती उंची बघितली तर फरक दिसला, सगळं एकत्र बघितलं तर काहीच नाही. मी म्हणाले, बघ, इथे एकेकटा बोलतो आणि घोळका मुका. आता कोण खोटं?

तू म्हणालास, कदाचित कुणीच नाही. एकच जण खरं बोलत असेल आणि बाकीच्यांच्या कुजबुजीत त्याचा आवाज बुडाला असेल. नाहीतर तो एकटा योगायोगाने बोलला असेल. खूप प्रश्न विचारले की एखाद्याचं उत्तर नुसत्या योगानेही ‘हो’ येतं. मी विचारलं, मग यातलं खरं कुठलं हे कळायचं कसं? तू म्हणालास, आधी विचार करायचा की आपल्याला मुळात विचारायचं काय होतं. आणि मग पुन्हा पेरायचं.

मी म्हणाले, आणि जिथे पुन्हा पेरता येत नाही, तिथे?

तू खडा उचलून रस्त्यावर टाकलास. मग म्हणालास, आक्का, आईला सांगणार नसशील तर एक सांगतो.

आईने डोळे मिटले होते, पण तिचा हात एका लोंबीला लागे, क्षणभर थांबे, ती सोडून दुसरीकडे जाई. तू मागून बघत होतास. तेव्हा तुला वाटलं, चाचपडतेय. उत्तर हातात आलं तेव्हा तुझ्या ध्यानात आलं. दाणा लांब आणि तरी बारीक. आई दर वर्षी बियाण्याला निवडते ते असंच. टपोरं नव्हे, लांब आणि बारीक, झिणीला शोभेल असं. डोळ्यांची तिला गरजच नाही. तू म्हणालास, “आता मला कळंना झालंय, ते दोन पट्टे भाताचे हायत, का त्या सकाळच्या आयेच्या बोटांचे.”

मी म्हणाले, आणि इतक्या वर्षांच्या बोटांचे असतील तर?

तू म्हणालास, तेच तर. इतकी वर्षं तिने निवडून निवडून ही झिणी घडवली असेल, तर ती निराळी आहे, आणि ती तिची आहे. नुसतं त्या एका सकाळी निवडलं असेल, तर काहीच नाही. मुडीतलं बी नेऊन खोऱ्यातल्या बियाशेजारी लावायचं, एका मातीत, एका पाण्यावर. तोडायला परका माणूस. मग कळेल. मी विचारलं, हे आईला का नाही सांगत? तू म्हणालास, पेंढी परत केली तेव्हाचा तिचा चेहरा पाहिलास ना? तिच्या हाताने बिघडलं असं तिला पुन्हा नाही ऐकवायचं.

मोटार आली. माझा प्रश्न पायरीवरच राहिला, पुन्हा पेरता येत नाही तिथे काय करायचं तो. मी ठरवलं होतं, दिवाळीला आलास की धरीन.

भातशेतावर दोन्ही झिणी शेजारी शेजारी लावल्यास. पत्रात मापाखेरीज काही लिहायची तुला सवय नाही, पण या वेळी लिहिलं होतंस, दोन्ही पट्टे सारखेच हिरवे दिसतात, आपला कुठला हे मला ठाऊक आहे म्हणून मी तिकडे फार जात नाही. भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमाराला तुला ताप भरला. बोटीने दासगावच्या धक्क्याला आणलं, तिथून बैलगाडीने माझ्याकडे. क्विनाईन झालं, दवाखान्याचे डॉक्टर झाले, आईने नवस केले. मी उशाशी बसून तुला आजोबांच्या पुराची गोष्ट सांगितली. पाणी कुठवर आलं ते तू या वेळी तपासलं नाहीस. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मला तू पुन्हा हवा आहेस, दत्तू. आणखी काही नाही. तुझं शांत असणं इथे दुसऱ्या कुणात मिळेल, तुझा हिशेब मास्तर करतील, आईवर जीव मी लावीन. वाटून घेतलं तर सगळं भागतं. तरी जेवायला बसलं की पंगतीत जागा दिसते.

आता तुला ठाऊक नाही ते सांगते.

परवा तुमचे साहेब वाडीवर आले. पोलादपूरपर्यंत मोटार आणि पुढे चढण पायी. पुण्याकडचा माणूस, धापा टाकत आला. मी चार दिवसांसाठी वरच होते. आईपुढे जमिनीवर बसले, टोपी काढून हातात धरली. म्हणाले, असा हात मला पुन्हा मिळायचा नाही. मग म्हणाले, दोन्ही पट्टे कापून झालेत, लोंब्या वाळताहेत, अजून मोजलेल्या नाहीत. पण गेल्या वर्षीचा एकत्र हिशेब माझ्यापुढे आहे आणि तो स्वच्छ आहे. तुम्ही म्हणत असाल तर त्याच्यावरच मी लिहून टाकतो, डोंगरची झिणी निराळी. ती राखली जाईल. त्याची आठवण म्हणून एवढं माझ्या हातून व्हावं.

तात्या पुढे सरसावले. म्हणाले, लिहा साहेब, पोराचा आत्मा शांत होईल. माझ्या तोंडाशी ‘लिहा’ आलं होतं. खोटं कशाला बोलू, आलं होतं. उद्या मोजलं आणि एकच निघालं, तर आईची झिणीही जाणार, आणि तूही नाहीस. एकाच पावसाळ्यात किती घालवायचं माणसाने? पण पायरीवरचं तुझं बोलणं मला एकटीला ठाऊक होतं. ते साहेबांना सांगावं तर आईच्या देखत सांगावं लागणार. आयुष्यभर बडबड केली आणि नेमकी तेव्हा माझी जीभ हलेना.

आईने विचारलं, “सायेब, त्यानं काय मागितलं व्हतं तुमच्याकडं?”

साहेब म्हणाले, “एक वर्ष, आई. पुन्हा पेरून बघायला.”

“मग त्याचं वरीस त्याला द्या.”

तात्या म्हणाले, वैनी, एकच निघाली तर? आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. साहेबांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, ठीक आहे. दोन्हींच्या पेंढ्यांना नुसत्या खुणा आहेत, मोजणाऱ्यांना कुठली कुणाची ते ठाऊक नाही. दत्तारामने तसं लावूनच ठेवलं होतं. एकत्रच तपासू, तो बोलला होता तसं. उठताना त्यांनी विचारलं, उत्तर कुणाच्या नावाने पाठवू?

आई म्हणाली, “त्याच्याच नावानं धाडा.”

साहेब उतरून गेले. मी भांडी आवरायला वळले तर आई मागून म्हणाली, “डोळे मिटले व्हते मी गो. बोटं कशी मिटायची, ते मला नाय समजलं.”

मी भांडी खाली ठेवली.

ती म्हणाली, त्याला समजलं व्हतं. मागनं त्याची पावलं थांबली तवाच मला कळलं, यानं बघितलं. पन बोलला नाय. मला वाईट वाटंल म्हणून बोलला नाय. मग म्यां पन नाय बोलले. त्याला वाईट वाटलं असतं, का आयेला कळलं.

तुम्ही दोघं एकमेकांना जपत वर्षभर गप्प, आणि मधे मी, जिला वाटत होतं की घरातलं सगळं हिलाच ठाऊक. आईने एवढंच आणखी विचारलं, एकत्र म्हंजे काय करतात गो? मी तिला सूप आणायला लावलं आणि मुडीतले दाणे घेऊन मांडायला बसले. तुझ्यासारखं मला जमलं नाही. माझे पट्टे वाकडेतिकडे झाले, आणि शेजारी ठेवायला खोऱ्यातली झिणी घरात नव्हतीच, म्हणून ती मी नुसती बोटाने दाखवली, इथे असती म्हणून. आई त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. मग तिने माझ्या पट्ट्यातला एक दाणा उचलला, चिमटीत फिरवला आणि बाजूला टाकला. तो तिला जाड वाटला.

मला ती निराळी निघायला हवीय, दत्तू. माझ्या हवं असण्याने काही होत नाही, हे तू सांगशील. मला ते कळतं आणि तरी हवीय. मोजणी सुरू झाली असेल. कुणी परका माणूस आईची झिणी, ती आईची आहे हे न कळता, एक एक दाणा मापत असेल. पुढे केव्हातरी तुझ्या नावाचा लखोटा पोस्टमन मास्तरांच्या हातात देईल, ते तो माझ्या हातात देतील, आणि मी तो घेऊन वाडी चढीन. आईला वाचून दाखवीन आणि तुलाही, तिथे बांधावर उभी राहून, मोठ्याने. निराळी लिहिलं असेल तर निराळी वाचीन. एकच लिहिलं असेल तर एकच वाचीन.

तुझी
आक्का